देवासमोर बसते, पण डोक्यात हप्तेच फिरतात

प्रश्न: ताई, मी मालवण तालुक्यातली, वय 43. घरवाले तांडेल, म्हणजे मासेमारीची होडी चालवणारे आहेत. चैत्रात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय अजून नीट चालत नाही. इंजिनाच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत. पावसाळी मासेमारीबंदी उठली की होडी वाट्याने द्यावी की विकावी, ठरत नाही. सासूबाई म्हणतात देवाचा कोप झालाय. एका देवरुषाने उताऱ्याला 15 हजार सांगितलेत. रोज देवासमोर बसते, पण डोक्यात हप्तेच फिरतात. देवाचा रागही येतो. बळ कुठून आणू?

उत्तर: ताई, ते 15 हजार देऊ नका. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा वाहिनी फुटली की अर्धांगवायू होतो. बहुतेकदा मागे वाढलेला रक्तदाब असतो. दैवी शक्तीचा धाक घालून पैसे उकळणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ते पैसे व्यायामाच्या उपचारांना लागतील. झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत हात-पाय सर्वांत जास्त सुधारतात, आणि तो काळ आत्ता चालू आहे.

आता देवाचं. हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय प्रार्थना होत नाही, हा समज आधी सोडा. आपल्या देवळात गाऱ्हाणं कसं घालतात ते आठवा. आधी देवाला नावाने हाक, मग दारात कोण उभं आहे ते, मग अडचण आडपडदा न ठेवता, आणि शेवटी मागणं. जमलेली माणसं मध्ये मध्ये 'व्हय महाराजा' म्हणतात. एकट्याचं दुःख तिथे चारचौघांत उघड बोललं जातं, आणि माझ्या मते त्याचं निम्मं बळ त्या होकारात आहे.

तेच घरी करा. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावला की उभ्यानेच, तोंडाने बोलून. मनातल्या मनात नको, कारण मनातली चिंता गोल फिरत राहते. बोललेलं वाक्य कुठेतरी संपतं. थकलेला हप्ता आकड्यासकट सांगा. नवऱ्याला आंघोळ घालताना कंबर भरून येते तेही सांगा. मग मागणं एकच ठेवा, तेही उद्यापुरतं: 'उद्या बँकेत जायचं धैर्य दे.' 'सगळं नीट कर' असं मागितलं की मिळालं की नाही ते कधी कळतच नाही, आणि आठवड्याभरात माणूस हताश होतो. दुसऱ्या दिवशी ते काम झालं, तर संध्याकाळी पहिलं वाक्य त्याचंच. नाही झालं, तर तेच मागणं पुन्हा.

सासूबाईंना शेजारी उभं करा आणि 'व्हय महाराजा' म्हणायला सांगा. कोपाची भाषा त्यांच्या भीतीतून येतेय. मुलगा त्यांचाही आहे, आणि त्यांच्या हातात सध्या काहीच काम नाही.

नवस मात्र आत्ता बोलू नका. सुधारणा सावकाश होणार आहे. अमुक सणापर्यंत हात चालू दे असं बोललात आणि तो चालला नाही, तर उपचारांवरचा आणि देवावरचा, दोन्ही विश्वास एकदम ढासळतील.

रात्री तीनला जाग आली तर अंथरुणात हिशेब करू नका. उठून बसा, माळ घ्या. श्वास सोडताना सावकाश 'राम कृष्ण हरी', श्वास घेताना काही नाही. लांब उच्छ्वासाने छातीची धडधड उतरते. 108 मण्यांची एक माळ साधारण दहा मिनिटांत होते. एकच करा, अकराचा नेम धरला की तिसऱ्या दिवशी मोडतो आणि वर अपराधी वाटतं. मन भटकेल, भटकू दे. बोटं पुढच्या मण्यावर गेली की पुरे.

रागाचं म्हणाल तर तो देवालाच सांगा. जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी उघड भांडले आहेत, आणि ते भांडण आपण आजही टाळ घेऊन म्हणतो. राग गिळून हात जोडले की प्रार्थना खोटी वाटायला लागते आणि मग सुटते.

होडीसाठी कौल लावायचा असेल, म्हणजे देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून उजवी पडते की डावी त्यावरून उत्तर घ्यायचं असेल, तर लावा, पण आधी आकडे काढा: वाट्याने वर्षाला किती हाती येईल, हप्ते किती, विकली तर कर्ज फिटून काय उरेल. दोन्ही वाटा परवडत असतील तरच उजवा-डावा विचारावा. एक वाट घर बुडवणारी असेल, तर पाकळीवर तो भार टाकू नये. मला विचाराल तर यंदा विकू नका. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही. वाट्याने द्या, पण डिझेल, जाळी, दुरुस्ती कोणाकडे ते कागदावर घेऊन. बंदी 31 जुलैला संपते, म्हणजे ही बोलणी त्याआधीच व्हायला हवीत.

बँकेत जाताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि हप्ते पुन्हा बांधून देण्याचा लेखी अर्ज न्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका.

रक्तदाबाची गोळी कोणत्याही उपासाला चुकवायची नाही. तोंड एकदम वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर अंगारा शोधत बसू नका, लगेच रुग्णवाहिकेच्या 108 नंबरला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडून मोठं इस्पितळ लांब आहे.

आणि तुमच्यासाठी एक नंबर: 14416. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. दोन आठवडे झोप-जेवण उडालं, किंवा आपण नसलेलंच बरं असं एकदा जरी मनात आलं, तरी त्याच दिवशी फोन करा. त्याने श्रद्धा कमी ठरत नाही. संध्याकाळच्या गाऱ्हाण्यात तेही सांगा.