पिवळ्या मंडपाखाली काढलेले हळदीचे फोटो : ऑटो मारू नका, आधी फोटोतलं पांढरं शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि टाकलेले दोन्ही फोटो बघितले. बहिणीची हळद गच्चीवर, वर पिवळं कापड, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पिवळे-हिरवट आणि काळपट, मागे आकाश पांढरंफेक, आणि ऑटोचं बटण दाबलं की हळदच निळसर राखाडी होते. घाबरू नका, बरेच फोटो वाचतील.

आधी ऑटो असं का करतं ते सांगतो. बरेचसे ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग काढून पांढरं पांढरंच दिसेल असं करणारी सोय) असं धरून चालतात की अख्ख्या फोटोची सरासरी काढली तर ती साधारण राखाडी यायला हवी. आता तुमच्या फोटोत कापड पिवळं, साडी पिवळी, झेंडूच्या माळा, गालावर हळद, म्हणजे सरासरी पिवळीच येणार, आणि त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला वाटतं हा दोष आहे, मग ते भरमसाट निळा ओततं. इथे तुम्हालाच ठरवून द्यावं लागतं की कुठला पिवळा खरा आणि कुठला कापडातून झिरपलेला.

त्यासाठी फोटोत प्रत्यक्षात पांढरी किंवा राखाडी असलेली एखादी वस्तू शोधा. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडे काकांचा पांढरा सदरा आहे ना, तो घ्या, पण खांद्यावरचा चकाकणारा भाग नको, तो जळलाय, म्हणजे जास्त उजेडाने नुसता पांढरा झालाय, तिथे रंगाची माहितीच उरलेली नाही. बाहीच्या सावलीतला भाग घ्या. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (रंग टिपायचं साधन) त्यावर नेलात की आर, जी, बी म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात. आत्ता तिथे निळ्याचा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच खाली असेल, क्लिक केलं की तिन्ही जवळजवळ सारखे होतील. गिंप या सॉफ्टवेअरमध्ये हेच लेव्हल्समधल्या ग्रे पॉइंटच्या ड्रॉपरने होतं, मोबाइलवर असाल तर स्नॅपसीड ॲपच्या व्हाइट बॅलन्समध्येही ड्रॉपर आहे. हा सदरा सगळ्या फोटोंत नसणार, तिथे पांढरी भिंत, टाइल, कागदी प्लेट असलं काहीतरी बघा. स्टीलचं ताट मात्र नको, त्यात वरचंच कापड दिसत असतं.

यानंतर फोटो थोडा थंड वाटेल. मग टेम्परेचरचा (निळा-पिवळा) स्लायडर जरासा परत पिवळ्याकडे आणा. हे माझं ठाम मत आहे, मंडपाखालचा फोटो मंडपाखालचाच वाटला पाहिजे, दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखालचा नाही. आणि चेहऱ्यावरचा हिरवटपणा टेम्परेचरने जात नाही, त्याला खालचा टिंटचा (हिरवा-मजेंटा) स्लायडर मजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळटाकडे, अगदी थोडा सरकवायचा. तपासायचं असेल तर जिथे हळद लागलेली नाही अशी कपाळाची किंवा मानेची जागा बघा, माणूस गोरा असो की सावळा, त्वचेत लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. हिरवा लालच्या फार जवळ आला की चेहरा आजारी दिसतो.

रंग जागेवर आल्याशिवाय उजेडाला हात लावू नका, नाहीतर दोन्हीकडे सारखी मागेपुढे ओढाताण होते. उजेड चेहऱ्यांप्रमाणे ठरवा, आकाशाप्रमाणे नाही. एक्स्पोजर वाढवा, हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढा, शॅडोज (गडद भाग) थोड्या उचला. ऑल्ट की दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवलात तर स्क्रीन काळी होऊन फक्त जळलेले भाग उठून दिसतात. झेंडू आणि कुंकू तिथे लाल रंगात चमकायला लागले की थांबा, कारण लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा थर) भरला, म्हणजे कमाल आकड्याला पोचला, की पाकळ्यांचा नुसता सपाट गोळा होतो. आकाश गेलंय ते गेलंय, त्याच्या नादात नवरीचा चेहरा काळा ठेवू नका.

चेहरा तरीही अंधारात राहिला तर मास्क वापरा, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून बदला. लाइटरूममध्ये माणसं ओळखून फक्त चेहऱ्याची त्वचा निवडता येते, त्यात एक्स्पोजर थोडं वाढवलं, पिवळा थोडा कमी केला की काम होतं. फक्त एक सांभाळा, गालावरची हळदही त्याच मास्कमध्ये येते, ती फिकी पडली तर ब्रशने तेवढा भाग वजा करा. हळदच पुसली तर मग तो फोटो कसला हळदीचा!

आता जेपेग आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच तयार करून लहान केलेली फाइल आणि सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल. तुमचे फोटो जेपेग आहेत, म्हणजे प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या आणि व्हाइट बॅलन्स आधीच पक्का झालेला. पिवळं कापड निळा उजेड अडवतं, त्यामुळे मुळात निळ्या चॅनलमध्ये फारसं काही नाही, आणि तो जोरात उचलला की सावलीत, केसांत रंगीत दाणे दिसतात. कलर नॉइज रिडक्शन (हे दाणे कमी करणारा स्लायडर) थोडं द्या, पण एका मर्यादेपलीकडे ओढू नका. ज्याने फोटो काढले त्याच्याकडे रॉ फाइल्स असतील तर आजच मागून घ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बसवता येतो. रॉ नसतील आणि तुम्ही लिहिलेला आईचा रडतानाचा फोटो काही केल्या सुधरत नसेल तर तेवढा ब्लॅक अँड व्हाइट करा, त्यात निळ्याचा वाटा कमी ठेवा म्हणजे दाणेही कमी दिसतील.

एक फोटो जमला की त्याच सेटिंग्ज बाकीच्यांवर कॉपी करा, पण सरसकट नको. कापडाच्या मधोमध काढलेले वेगळे, कडेला उघड्या आकाशाजवळ काढलेले वेगळे असे गठ्ठे करा, तिथला उजेडच वेगळा आहे. आणि हे सगळं करायच्या आधी लॅपटॉपचा नाइट लाइट बंद आहे ना ते बघा, तो चालू असेल तर स्क्रीनच पिवळी असते आणि तुम्ही विनाकारण निळा वाढवत बसता.

अल्बमला द्यायच्या फाइल्स एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत एक्सपोर्ट करा, लॅबने वेगळं काही मागितलं असेल तर तसं, आणि सगळा गठ्ठा देण्याआधी दोन-तीन फोटोंच्या छोट्या प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. काकांच्या सदऱ्याचे आकडे क्लिकच्या आधी आणि नंतर काय आले ते इथे टाका, टिंट किती द्यायचा ते त्यावरून सांगतो.