कुठल्या रकान्यावर खूण करायची?

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

कॅम्पच्या फॉर्मवर व्हेजिटेरियन, व्हीगन (दूध-अंडंही नाही), पेस्केटेरियन (मासे चालतात), कोशर (ज्यूंच्या नियमांचं) आणि हलाल (मुसलमानांच्या नियमांचं) असे पाच रकाने आहेत, त्यातला आपला कुठला, असं तू विचारलंस. वर फिरकीही घेतलीस. पुण्याची आजी अंड्याला हात लावत नाही, बाबा केक खातात पण ऑम्लेट नको म्हणतात, मडगावची मावशी मासे खाते आणि सोमवारी "आज मी शाकाहारी" म्हणते, मग हे सगळे शाकाहारी कसे? "टाक खूण पहिल्या रकान्यावर" एवढं सांगून भागलं असतं. पण ती खूण वाचून तिकडचा स्वयंपाकी काय समजतो आणि आजी काय समजते, यात बरंच अंतर आहे.

आधी मावशीचं. आपल्याकडे पुष्कळ घरांत काय खायचं हे दिनदर्शिका ठरवते. "आज वार काय?" हा प्रश्न मासे खाणाऱ्या घरात सकाळी बाजाराची पिशवी उचलायच्या आधी विचारला जातो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शिवाय एकादशी, संकष्टी. त्या दिवशी चुलीवर मासळी चढत नाही. गोव्यात नि मालवणात या जेवणाला 'शिवराक' म्हणतात. खतखतं, मुगागाठी, तोंडाक, वर सोलकढी, आणि मासे नाहीत म्हणून कुणी चुकचुकत नाही. मग श्रावण येतो. आषाढातल्या दिव्याच्या अवसेला सामिष खाणं थांबतं, ते कुणाचं नारळी पौर्णिमेपर्यंत, कुणाचं गणपती होईस्तोवर. म्हणजे मावशीच्या तोंडी 'शाकाहारी' हा शब्द त्या दिवसाला लागतो आणि आजीच्या तोंडी माणसाला. दोघी आपापल्या जागी बरोबर.

देवांचंही एकसारखं नाही, बरं का. कोकणातल्या काही घरांत गणपतीला एकवीस मोदक होतात आणि त्याच घरात आलेल्या गौरीला मटणाचा तिखटा नैवेद्य असतो. 'मराठी लोक शाकाहारी असतात' असं कुणी वर्गात म्हणालं तर सरळ नाही म्हण. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभरात सुमारे ४० जणांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, देशभरात २९ च्या आसपास. उरलेले खातात, आणि त्यांचं खाणंही तेवढंच मराठी.

तिसरी तऱ्हा माळकऱ्यांची. पंढरीच्या वारकऱ्यांमध्ये तुळशीची माळ गळ्यात घालणं म्हणजे मांस-मासे आणि दारू सोडल्याचा शब्द. यात जात आड येत नाही. ज्या घरात बाकी सगळे रविवारी मटण खातात, तिथेही एक माळकरी काका असतात, आणि त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने होते. गावाकडे "त्यांनी माळ घातलीय" एवढं ऐकलं की पुढे कुणी आग्रह करत नाही. फॉर्मच्या एका रकान्यात न मावणारी माहिती त्या माळेत असते.

अंड्यावर सगळ्यांचं अडतं. भारतात पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका असतो तो शाकाहारी. मांसाहारी पदार्थाला आधी तपकिरी ठिपका होता. रंगांधळ्या माणसाला दोन ठिपक्यांतला फरक दिसत नाही, म्हणून आता तिथे तपकिरी त्रिकोण येतो. त्या कायद्यात अंडं मांसाहारात जातं, दूध आणि मध शाकाहारात. इथे अमेरिकेत 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं आणि दूध दोन्ही चालतं असं धरतात. म्हणून खूण करून गप्प बसलीस तर सकाळी तुझ्या ताटात ऑम्लेट येणार, आणि त्यात स्वयंपाक्याची काहीच चूक नसणार. बाबांसारखं 'दिसणारं अंडं नको, केकमधलं चालेल' हे गणित तिकडच्यांना विचित्र वाटेल, पण आपल्याकडे लाखो घरांत तेच चालतं. तुझी रेघ तू ठरव. फक्त आजी आली की अंडं असून न दिसणारे पदार्थ लक्षात ठेव: मेयोनीज, ताजा पास्ता, ब्रिओशसारखा चमकदार पाव, फ्रेंच व्हॅनिला आइस्क्रीम. कित्येक व्हेजी बर्गरच्या टिक्कीतही ती एकत्र धरून ठेवायला अंड्याचा पांढरा बलक घातलेला असतो.

तिच्यासाठी केक करायचा तर एका अंड्याच्या जागी पाव कप दही, किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून. कृतीत एक-दोन अंडी असतील तरच हे जमतं. चार-पाच अंडी फेटून फुगवलेल्या स्पंजला ही युक्ती लावलीस तर मधोमध खड्डा पडतो, कारण तिथे केक वर उचलणारी हवा अंड्यातच धरलेली असते.

आता खरी गोची. इथल्या पाकिटांवर ठिपका नसतो, घटकांची यादी वाचावी लागते. पाच शब्द पाठ कर. 'जिलेटिन' म्हणजे डुकराची किंवा गाईची कातडी-हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. मार्शमेलो, गमी बेअर, फ्रॉस्टिंगवाले पॉप-टार्ट, काही दही, औषधाच्या कॅप्सूल, सगळीकडे तो असतो. 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी. 'कार्माइन' किंवा 'कोचिनील' हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. २०११ पासून तो इथे नाव घेऊन लिहावाच लागतो, आधी नुसतं 'रंग' लिहून भागायचं. 'अँकोव्ही' हे छोटे खारवलेले मासे, वूस्टरशर सॉस आणि सीझर सॅलडमध्ये. पाचवा शब्द 'एन्झाइम्स', चीजच्या यादीत येतो. दूध विरजून चीज करायला रेनेट लागतं, आणि मूळ रेनेट वासराच्या पोटातलं. आता इथलं बहुतेक चीज सूक्ष्मजंतूंकडून बनवलेल्या रेनेटवर होतं, पण यादीत नुसतं 'एन्झाइम्स' असेल तर ते कुठलं हे कळत नाही. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' लिहिलेलं घे. इटलीहून येणाऱ्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराचंच रेनेट असतं, त्यांचा नियमच तसा आहे. पनीरला ही भानगड नाही, ते लिंबावर किंवा व्हिनेगरवर फाटतं.

'नॅचरल फ्लेवर्स' हा शब्द मात्र मला आवडत नाही. त्यात मांसाचा अर्कही बसू शकतो. मॅकडॉनल्ड्सचे इथले फ्राइज याचंच उदाहरण. वनस्पती तेलात तळलेले म्हणून शाकाहारी लोक ते वर्षानुवर्षं खात होते, आणि त्यात गोमांसाची चव घातलेली निघाली. खटले झाले, २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ती चव अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये अजून आहे, आता ती यादीत लिहिलेली असते एवढंच. भारतातल्या फ्राइजमध्ये ती नाही.

कोशरची खूण बघून शाकाहारी समजू नकोस. कोशर मार्शमेलोत बहुधा माशाचं जिलेटिन असतं, कारण ज्यूंच्या नियमात मासा मांसात धरत नाहीत. हलाल जिलेटिन गाईचं असू शकतं. या दोन्ही खुणा त्यांच्या त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देतात, तुझ्या नाही.

कॅम्पच्या स्वयंपाकघरात "हे व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारलंस तर "हो" येईल, कारण वर मांसाचा तुकडा दिसत नाही. त्यापेक्षा नेमकं विचार. सूप कुठल्या पाण्यात शिजवलंय, भाज्यांच्या की कोंबडीच्या? मेक्सिकन राजमा लार्डमध्ये परतलाय का, आणि भात चिकन स्टॉकमध्ये झालाय का? थाय करीच्या पेस्टमध्ये फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट आहे का? जपानी मिसो सूप बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्यावर होतं. आपल्या सुकटीचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला ते पहिल्या घोटातच कळतं. तळण एकाच तेलात चालतं का, हेही विचार. त्याच तेलात चिकन नगेट तळले असतील तर तो बटाटा खायचा की नाही ते तुझं तू ठरव. आजी नाही खाणार, मावशी सोमवारी दोनदा विचार करेल, बाबा खातील.

एक मात्र करू नकोस. सोपं पडतं म्हणून "मला अ‍ॅलर्जी आहे" असं सांगू नकोस. अ‍ॅलर्जी म्हटलं की स्वयंपाकघराला भांडी धुऊन, हातमोजे बदलून सगळं नव्याने मांडावं लागतं. ते न लागणाऱ्याने सांगितलं की पुढच्या खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्याच्या शब्दाला वजन राहत नाही.

तू जेलीचं विचारलं होतंस, तर ती अगार-अगारची कर. आपल्याकडे त्यालाच चायना ग्रास म्हणतात, समुद्री शेवाळापासून होतं. दोन कप जेलीला दोन छोटे चमचे पावडर. आधी एक कप गार पाण्यात पावडर घालून पाच मिनिटं ठेव, मग ढवळत उकळी आण आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन-तीन मिनिटं उकळू दे. इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसतं गरम केलं तर पावडर विरघळत नाही आणि तळाशी वाळूसारखी कचकच राहते. साखर घाल, गॅस बंद कर, मग एक कप रस ओत. हा रस फ्रिजमधला गार नको. अगार चाळीस अंशांच्या खाली आलं की लगेच धरतं, त्यामुळे गार रसात त्याच्या शेवया होतात. लिंबू घालायचं तर गॅस बंद केल्यावरच, आंबट पाण्यात उकळलं की पकड सुटते. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर ती धरत नाही. अगारला अननसाचं काही वाटत नाही. ही जेली बाहेर उन्हातही वितळत नाही, फक्त दाताखाली थोडी ठिसूळ लागते.

उपासाचा गोंधळही तुझ्या बोलण्यात होता. शाकाहार वेगळा, उपास वेगळा. उपासाला गहू, तांदूळ, डाळ, कांदा, लसूण नाही; बऱ्याच घरांत हळद-मोहरीही नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे, बटाटा, रताळं चालतं. गंमत बघ, यातली वरी सोडली तर सगळ्या पिकांचं मूळ अमेरिका खंडात आहे, साबुदाणा होतो तो कसावासुद्धा. खिचडीतली हिरवी मिरचीही तिथलीच. कांदा-लसूण चातुर्मासात सोडणारे लोक आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खाऊन घेतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं-कांदा पुन्हा सुरू.

आणि 'शुद्ध शाकाहारी'. हॉटेलच्या पाटीवर या शब्दाचा अर्थ एवढाच, की आत अंडं-मांस शिजतच नाही, आणि आजीला घेऊन जायला ती पाटी कामाची आहे. स्वतःबद्दल मात्र हा शब्द वापरू नकोस. तू शुद्ध, तर शेजारी बसून मासे खाणारी कोण? मुंबई-पुण्यात भाड्याच्या घरांना 'फक्त शाकाहारींसाठी' असं लिहितात, तेव्हा प्रश्न ताटाचा असतो तेवढाच आडनावाचाही असतो. कॅम्पमध्ये कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलेलं मला चालणार नाही.

तर पहिल्या रकान्यावर खूण कर, आणि खालच्या 'इतर' या ओळीवर लिही: मांस, मासे, कोंबडी नको, त्यांचा स्टॉक, चरबी आणि जिलेटिनही नको, दूध आणि चीज चालेल. अंड्याचं तुझं ठरलं की तेही त्याच ओळीत, 'भाजलेल्या पदार्थांत चालेल' किंवा 'अजिबात नको', जे असेल ते.

तुझी
आई

ता. क. शेकोटीला सगळे मार्शमेलो भाजतील. डँडीजचं पाकीट बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय, त्यात जिलेटिन नाही. ते दुसऱ्यांच्या काडीवर लावू नकोस, स्वतःची काडी ने. आणि व्हिटॅमिनच्या गमीची जुनी बाटली घेऊ नकोस, तिच्या यादीत तिसरा शब्द बघ.