जुन्या यशिका-मॅटवर शनिवारवाड्याच्या विटा सपाट का दिसतात?

आजोबांची यशिका-मॅट १२४जी (वर-खाली दोन लेन्स असलेला फिल्म कॅमेरा) दुरुस्त करून घेतली, एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल घातला, नारिंगी फिल्टर लावला. आकाश झकास आलं, पण दिल्ली दरवाज्याकडच्या विटा गिलावा केल्यासारख्या दिसतात, असं तुम्ही लिहिलंय.

दोष बहुतेक कॅमेऱ्याचा नाही. नारिंगी किंवा लाल फिल्टरने वीट उजळते. विटांमधल्या चुन्याच्या दरजा मुळातच उजळ. दोन्ही एकाच करड्या छटेवर आल्या की थर पुसले जातात. हिरवा फिल्टर लावा: वीट गडद होते, दरजा तशाच राहतात आणि पेशवाईतली ती पातळ, चपटी वीट एकेक करून मोजता येते. मात्र इथे एक गोम आहे. तटाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आहे, आणि हिरव्या फिल्टरने वीट दगडाच्याच छटेला येऊन बसते. म्हणून जवळून भिंत घेताना हिरवा, दगड आणि वीट वेगळी दाखवायची असेल तर नारिंगी. आकाशासाठी फिल्टर निवडू नका.

फिल्टर बे-१ मापाचा (लेन्सवर फिरवून अडकवायचा), आणि खालच्या लेन्सवर. वरची फक्त बघण्यासाठी आहे. या कॅमेऱ्याचा मीटर प्रकाश लेन्समधून मोजत नाही, त्यामुळे फिल्टरने अडवलेल्या प्रकाशाची भरपाई हातानेच करायची. हिरव्याला साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). स्वच्छ उन्हात १/१२५ सेकंद शटरला लेन्सचं छिद्र एफ/१६, म्हणून फिल्टरसह एफ/८. ऊन भिंतीला घासून जात असेल तर एफ/५.६. मीटर मूळच्या १.३५ व्होल्टच्या पारा सेलसाठी बनवलेला आहे. दीड व्होल्टचा अल्कलाइन घातला की तो प्रकाश जास्त दाखवतो आणि निगेटिव्ह पातळ येते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल जवळचा पडतो, पण आकाराने लहान असल्याने भोवती रिंग लागते.

आता ऊन. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात त्या बाजूवर दिवसभर सावली, म्हणजे दरजांना उठाव नाहीच. एप्रिल-मेमध्ये सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळी साडेआठच्या आत भिंतीवर तिरकं ऊन मिळतं. जूनमध्ये कोन आणखी चांगला असतो, पण ढग कोण हटवणार!

इमारत मागे झुकलेली दिसू नये म्हणून कॅमेरा अजिबात वर करायचा नाही. ८० मिमी लेन्स आणि ५६ मिमीची चौकट असल्याने हिशोब सोपा: इमारतीच्या उंचीतून लेन्सची उंची वजा करा आणि तिप्पट करा, तितकं अंतर मागे जा. १२ मीटर उंची आणि दीड मीटरवर लेन्स असेल तर साधारण ३१ मीटर. खाली जास्त जमीन येईल, ती प्रिंट करताना कापा. कॅमेरा पोटाशी धरल्याने लेन्स आणखी खाली जाते, म्हणून छातीपर्यंत उचला.

पुढचा रोल घालण्याआधी फोकस तपासाच. मागचं झाकण उघडून फिल्म सरकते त्या पट्ट्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं), छिद्र एफ/३.५, दूरचा खांब भिंगातून पाहा. वरच्या पडद्यावर तो स्पष्ट आणि काचेवर पुसट दिसला, तर दुरुस्तीत दोन लेन्सांचा मेळ चुकलाय, मग फिल्टर बदलून उपयोग नाही. झाकणाच्या खाचांतला फोम चिकट झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून नवा बसवून घ्या.