पाहुणा पिंजऱ्याच्या आतच आहे कशावरून?

प्रश्न : ताई, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोथरूडला राहते. सेमिनारला विषय मिळालाय, रेणूंचे पिंजरे, त्यात अडकलेले पाहुणे रेणू, आणि ते एनएमआरने (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे चुंबकात ठेवून अणुगर्भांचे सिग्नल टिपायची पद्धत) कसे बघतात. सगळं वाचलं पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाहीये. पिंजरा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा, मग पाहुणा आत बसलाय की बाहेरून चिकटलाय हे कसं काय ठरवतात? उकडीचा मोदक न फोडता आत सारण आहे का ते सांगा म्हटल्यासारखं आहे हे. सरांना विचारलं तर म्हणाले शिफ्ट बघ. कसली शिफ्ट?

उत्तर : मोदकाचं बरंय, पण सारणालाच बोलता आलं तर? एनएमआरमध्ये नेमकं तेच होतं, पाहुणा स्वतःच सांगतो मी कुठे आहे.

हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एक बारकं चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवलं की तो ठरावीक फ्रिक्वेन्सीला गुणगुणतो, आणि ही फ्रिक्वेन्सी त्याला स्वतःला जाणवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते. आता पिंजऱ्याच्या भिंती बहुतेक वेळा बेंझिनच्या कड्यांच्या असतात. चुंबकात गेल्यावर त्या कड्यांवरचे इलेक्ट्रॉन गोल फिरायला लागतात आणि स्वतःचं उलटं क्षेत्र तयार करतात. कड्याच्या बाहेरच्या कडेला हे क्षेत्र वळून मूळ क्षेत्रातच भर घालतं, तिथल्या हायड्रोजनला क्षेत्र जास्त जाणवतं, म्हणून बेंझिन ७.३ पीपीएमच्या आसपास दिसतं (पीपीएम म्हणजे ठरलेल्या शून्यापासून फ्रिक्वेन्सी किती दशलक्षांश सरकली त्याचं माप), पण कड्याच्या वर किंवा खाली जो बसेल त्याला कमी जाणवतं, जणू छत्री धरली. पिंजऱ्याच्या आत चारी बाजूंनी अशा छत्र्या, त्यामुळे पाहुण्याचा सिग्नल उजवीकडे, म्हणजे ह्या पट्टीवर कमी आकड्यांकडे सरकतो, कधी कधी शून्याच्याही पलीकडे उण्यात जातो. ही तुझ्या सरांची शिफ्ट. बाहेरून नुसता चिकटलेला रेणू सहसा इतका सरकत नाही.

सगळ्यात देखणं उदाहरण हवं असेल तर सी-साठचं घे, तो ६० कार्बनचा फुटबॉल, १९८५ साली सापडलेला. क्योटोच्या कोमात्सु आणि मुराता यांच्या गटाने २००५ मध्ये त्याला रासायनिक भोक पाडलं, भरपूर दाबाखाली आत हायड्रोजनचा एक रेणू ढकलला आणि भोक परत शिवून टाकलं. ह्याला रेणूंची सर्जरीच म्हणतात. बाहेर मोकळा असलेला हायड्रोजन साडेचार पीपीएमच्या जवळ दिसतो, आतला उणे १.४४ ला, म्हणजे सहा पीपीएमचा फरक! २०११ मध्ये क्योटोतच पाण्याचा एक रेणू असाच आत कोंडला, एकटा, शेजारी दुसरं पाणी नाही, आणि तो उणे ४.८ च्या आसपास दिसला. हीलियम तर कुणाशी बंधच करत नाही, पण हीलियम-३ चा अणुगर्भ एनएमआरला दिसतो, तो सी-साठमध्ये उणे ६.३ ला आणि सी-सत्तर ह्या ७० कार्बनच्या पिंजऱ्यात थेट उणे २८.८ ला. त्यामुळे पाहुणा नुसता आत आहे एवढंच नाही, कुठल्या खोलीत आहे तेही कळतं.

पण फक्त शिफ्टवर विसंबू नकोस, परीक्षक धरतील. आणखी दोन पुरावे मागून घे. एक म्हणजे डॉसी, त्यात रेणू द्रावणात किती वेगाने पसरतो ते मोजतात. पाहुणा मोकळा असताना भुर्रकन पळतो, पण पिंजऱ्यासोबत असला की पिंजऱ्याच्याच जड चालीने चालतो. मात्र बाहेर घट्ट चिकटलेलाही तसाच चालेल, म्हणून दुसरा पुरावा नोई नावाच्या एनएमआर मोजमापाचा, ते पाच आंगस्ट्रॉमच्या, म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्या आतलेच शेजारी दाखवतं. पाहुण्याचा हायड्रोजन पिंजऱ्याच्या आत तोंड केलेल्या हायड्रोजनशी जोडी दाखवत असेल आणि बाहेरच्यांशी नसेल तर मग वाद संपला.

आता दार. पाहुणा आत-बाहेर सावकाश करत असेल, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा बराच जास्त वेळ एका जागी टिकत असेल, तर दोन वेगळे सिग्नल येतात, एक आतला एक बाहेरचा, आणि दोघांचं क्षेत्रफळ मोजलं की किती टक्के आत आहेत ते लगेच कळतं. फारच ये-जा असेल तर दोन्हींची सरासरी होऊन एकच सिग्नल येतो, कमी शटरस्पीडने फोटो काढल्यावर माणूस पुसट येतो ना तसं. मग नमुना थंड करायचा, दाराशी गर्दी कमी होते, सिग्नल फुटून दोन होतात.

माझी फजिती सांगते, तुला उपयोगी पडेल. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक पाहुणा पिंजऱ्यात घालायला बसले होते. पाच मिलीमीटर जाडीची ती काचेची लांब नळी, त्यात अर्धा मिली द्रावण, रात्रीचा स्लॉट, आणि प्रिंट आला तर पाहुणा गायब. बाहेरचा सिग्नल कमी झालेला दिसतोय पण आतला नाहीच. दोन आठवडे मी नमुना परत परत बनवत राहिले आणि गाईडशी बोलायचं टाळत राहिले. शेवटी मशीन सांभाळणाऱ्या काकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अगं, तू शून्यापर्यंतच छापतेस, जरा उजवीकडे सरकव की." उणे दीडच्या आसपास तीन टुमदार शिखरं उभी होती, दोन आठवडे तिथेच.

अजून एक, कुणी हा प्रयोग करत असेल तर सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात सगळं विरघळवायचं तो द्रव, नीट निवडायला सांग. छोटा सॉल्व्हंट असला की तोच आत जाऊन बसतो, पाहुण्याला जागाच नाही. म्हणून अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ रीबेक यांच्या गटाने मेसिटिलीनसारखे जाडजूड सॉल्व्हंट वापरले. त्यांनीच १९९८ मध्ये दाखवलं की द्रावणात पाहुणा पिंजऱ्याची साधारण ५५ टक्के जागा भरतो तेव्हा सगळ्यात सुखात असतो. आपल्या जुन्या सहा सीटर रिक्षाच्या अगदी उलट.

प्रश्न : मॅडम, हे सगळं कौतुकाचं आहे, पण सामान्य माणसाला ह्याचा उपयोग काय? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, हा प्रश्न सदाशिव पेठेतून येणारच होता. तुमचं किंवा ओळखीतल्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर कदाचित उपयोग झालाही असेल. भूल देताना स्नायू सैल करायला रोक्युरोनियम देतात, आणि नंतर त्याचा असर उतरवायला सुगामॅडेक्स. हे सुगामॅडेक्स म्हणजे साखरेच्या आठ कड्यांची एक पोकळ बादली, गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची, थोडी सुधारलेली, ती रक्तातलं रोक्युरोनियम पोटात घेऊन बसते. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या बादलीत औषध उतरलंय का हे बघायची पहिली चाचणी एनएमआरच असते, कारण बादलीच्या आतल्या भिंतीवरचे तीन नंबर आणि पाच नंबरच्या कार्बनवरचे हायड्रोजनचे सिग्नल सरकतात, बाहेरच्यांचे फारसे सरकत नाहीत.

दुसरं, पांढरा फॉस्फरस. हवेत उघडा ठेवला तर पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. २००९ मध्ये केंब्रिजच्या निच्के यांच्या गटाने तो लोखंडाचे कोपरे असलेल्या पिंजऱ्यात कोंडला आणि तो हवेत शांत बसला. गंमत अशी की ऑक्सिजनला आत शिरता येत नाही म्हणून नव्हे, तर ऑक्सिजनशी जुळून जे काही बनेल ते त्या जागेत मावणारच नाही म्हणून. मला स्वतःला हे सगळ्या विषयातलं सगळ्यात हुशार वाटतं.

प्रश्न : गुडघ्याचा एमआरआय केला तेच का हे? न्यूक्लिअर म्हणजे किरणोत्सर्ग असतो का? (वाचक, धायरी)

उत्तर : तत्त्व तेच, आणि किरणोत्सर्ग अजिबात नाही. न्यूक्लिअर म्हणजे इथे नुसता अणुगर्भ. एमआरआयच्या नावातून तो शब्द लोक घाबरतात म्हणूनच गाळला. गुडघ्यात तुमचं पाणी दिसतं, इथे एकेका रेणूचा पत्ता. दोन्हींची गाठ पडते ती झेनॉन वायूत. झेनॉन-१२९ क्रिप्टोफेन नावाच्या पिंजऱ्यात गेला की त्याचा सिग्नल शंभराहून जास्त पीपीएम सरकतो, त्यामुळे पिंजऱ्याला ठरावीक रेणूलाच चिकटणारी खूण जोडली की झेनॉन त्या रेणूचा पत्ता सांगू शकतो, हे सध्या प्रयोगशाळेतलं काम आहे. पिंजऱ्याशिवाय नुसता झेनॉन ओढून फुप्फुसाचा एमआरआय काढायला मात्र अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आणि हो, पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, अशा ठिकाणी विज्ञान दिनाला एनएमआरचं मशीन बघायला मिळालं तर जरूर जा. फक्त पेसमेकर असेल तर लांब राहा, आणि खिशातली एटीएम कार्डं, जुनं घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा बाहेर कुणाकडे तरी देऊन जा.