छोट्या विमानाच्या इंजिनात गाडीचं पेट्रोल चालतं का?

चालतं. पण "ऑक्टेन जुळलं की झालं" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्या माणसाचं ऐकू नका. (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी न भडकण्याची इंधनाची ताकद.) याच वाक्यावरून माझं एका सीनियर पायलटशी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

मी तेव्हा हँगरमध्ये मेकॅनिक होतो. विमान चेरोकी १४०, इंजिन लायकमिंग ओ-३२०, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते, ७:१, कमीच. असल्या इंजिनात १००एलएल, म्हणजे विमानांचं शिसं मिसळलेलं पेट्रोल (ॲव्हगॅस), घातलं की खालच्या प्लगांत शिशाच्या बारीक गोळ्या साचतात. त्या टोकरून काढताना माझी बोटं कितीदा सोलवटली आहेत, त्यामुळे पेट्रोलला माझा विरोध नव्हताच. परवानगीचे कागदही होते, फक्त त्यांवर इथेनॉल चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते सीनियर पायलट गाडीच्या पेट्रोलचे कॅन भरून घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "सर, आधी इथेनॉल तपासू." उत्तर आलं, "९५ ऑक्टेनचं आहे, बास."

एक फेरी झाली, विमान अर्धा तास उन्हात उभं राहिलं, मग पुन्हा निघालो. मी शेजारच्या सीटवर. धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल दिला आणि फ्युएल प्रेशरचा काटा थरथरत खाली आला, इंजिन दोनदा ठसकलं. चाकं अजून जमिनीवर होती म्हणून थांबता आलं. उतरल्यावर मलाच ऐकवलं, "मिक्श्चर तू हलवलंस." म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण बदलणारा दांडा. मी हातही लावला नव्हता!

संध्याकाळी मापाच्या नळीत १० मिली पाणी घेतलं, त्यावर त्याच कॅनमधलं ९० मिली पेट्रोल ओतलं, हलवून ठेवलं. पाण्याची रेष १८ च्या वर गेली. इथेनॉल पाण्यात उतरतं म्हणून ती चढते, निव्वळ पेट्रोल असतं तर १० वरच राहिली असती. गाडीचं पेट्रोल मुळातच ॲव्हगॅसपेक्षा लवकर उडतं, त्यात थोडं इथेनॉल मिसळलं की आणखी लवकर. चेरोकीच्या टाक्या खालच्या पंखात, पंप तिथून वर ओढतो, ओढताना दाब घटतो आणि तापलेल्या पाइपात वाफेचे बुडबुडे होऊन इंजिनाला इंधन कमी पडतं. सेसना १५० चे पंख वर असतात, इंधन आपल्या वजनाने उतरतं, म्हणून तिथे हा त्रास कमी. अमेरिकेत ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेने १९८२ साली गाडीच्या पेट्रोलची पहिली मंजुरी मिळवली ती याच विमानासाठी. मी नळी नेऊन दाखवली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

ऑक्टेन बिनमहत्त्वाचं आहे असं मात्र नाही. ८.५:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात मंजुरीशिवाय पेट्रोल घालूच नका, डिटोनेशनने, म्हणजे मिश्रण अवेळी एकदम भडकून, पिस्टन जाईल. शिवाय पंपावरचे ९५ आणि ॲव्हगॅसचे १०० एकाच पद्धतीने मोजलेले नसतात. कार्ब्युरेटरमध्ये बर्फही पेट्रोलवर लवकर धरतो. रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाचं उलटं आहे, ते पेट्रोलवरच खूश असतं, ॲव्हगॅस सतत वापरलं तर शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं.

नळीची तपासणी प्रत्येक कॅनची करा. त्याच पंपावर मागच्या महिन्यात मिळालेलं पेट्रोल या महिन्यात तसंच असेल असं नाही.