वाचक विचारतात: आठ काढताना पाय टेकतोच, काय करू?

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, दुचाकीच्या पक्क्या लायसन्सची टेस्ट, आणि त्यातही तो आठचा आकडा, म्हणजे ग्राउंडवर आखलेल्या आठवरून पाय न टेकता गाडी फिरवणं. सगळी छापणं शक्य नाही म्हणून निवडक घेतलीत. नावं कुणाचीच देत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न: कॉलेजपासून अ‍ॅक्टिव्हा चालवतेय, विनागिअरचं लायसन्स आहे. आता ऑफिससाठी भावाची स्प्लेंडर शिकले आणि गिअरचं लायसन्स काढायला गेले तर दोनदा फेल. डावा गोल नीट जातो, उजव्या गोलात गाडी डुलते आणि पाय टेकतो. साहेब लांबूनच हात हलवून "नेक्स्ट" म्हणतात आणि मागे उभी असलेली पोरं हसतात. रस्त्यावर आठ काढतं कोण? ही कसली टेस्ट? (पिंपरी)

उत्तर: ताई, रस्त्यावर आठ कोणी काढत नाही हे शंभर टक्के खरं. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर गाडी घालून बघा, पुढे रिक्षा, बाजूला पिशव्या घेतलेल्या बायका, मध्येच कोणीतरी स्कूटर आडवी लावलेली, तिथे तुम्ही जे करता ते हेच असतं, चालण्याच्या वेगाने, हँडल वळलेलं, आणि पाय खाली नाही. गाडीला वेग असला की ती आपली आपण सरळ राहते, त्यात आपलं कौतुक फारसं नसतं. वेग गेला की तोल सांभाळायचं सगळं काम आपल्याकडे येतं. गणपतीत मंडळाची स्लो सायकल स्पर्धा असते ना, शेवटी पोहोचेल तो जिंकला, आठचा आकडा म्हणजे तीच स्पर्धा, फक्त इंजिन लावलेली.

अ‍ॅक्टिव्हावरून गिअरच्या गाडीवर आलेल्यांचं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. क्लच एकतर पूर्ण सोडतात नाहीतर पूर्ण दाबतात. पूर्ण सोडला की पहिल्या गिअरवर गाडी पळायला लागते, मग घाबरून ब्रेक, तोही हाताचा, कारण स्कूटरवर ब्रेक हातातच असतात ही सवय, हँडल वळलेलं, पुढचं चाक धरलं गेलं, गाडी आतल्या बाजूला कलंडली, टेकला पाय. पूर्ण दाबला तर चाकाला ओढच राहत नाही, गाडी मेल्यासारखी होते आणि पुन्हा पाय. मधली जागा सापडली पाहिजे. गिअर पहिला, रेस थोडी वाढवून तिथेच धरून ठेवायची, ती कमीजास्त करत बसायचं नाही, क्लच जिथे गाडी ओढ घ्यायला लागते तिथे अर्धवट, आणि वेग सांभाळायचा तो क्लचने आणि उजव्या पायातल्या मागच्या ब्रेकने. मागचा ब्रेक अगदी हलका लागलेला असला की गाडी ताणलेली राहते, डुलत नाही. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढूनच टाका, मुठीला धरा.

आता उजवा गोलच का बिघडतो. हँडल उजवीकडे वळलं की उजवी मूठ तुमच्या पोटाकडे येते, कोपर दुमडतं, मनगट आपोआप फिरतं आणि रेस नकळत वाढते नाहीतर तुटते. डावीकडे वळताना तो हात मोकळा असतो म्हणून तो गोल बरा जातो. उपाय साधा आहे, कोपर बाहेर काढा आणि मूठ जरा बाहेरून, स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी तिरकी धरा. आणि खाली त्या फक्कीच्या रेषेकडे बघायचं नाही. चाक नजरेमागे जातं. हनुवटी वळवून गोलाच्या पुढच्या टोकाकडे बघायचं, चाक कुठे पडतंय ते बघत बसलात की तिथेच पाय पडणार.

भावाच्या गाडीची चेन ढिली आहे का बघा. ढिली असली की कमी वेगात झटके बसतात आणि माणसाला वाटतं मलाच जमत नाहीये. मेकॅनिकला सांगा चेन टाइट कर, क्लचच्या केबलचा प्ले, म्हणजे ढिलाई, बघ आणि स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, जरा वाढवून दे, म्हणजे गाडी बंद पडणार नाही. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड लागतं तेही बघून घ्या. एवढं करून रविवारी सकाळी शाळेच्या ग्राउंडवर दोन विटा ठेवा, लांब लांब, त्यांच्याभोवती आठ काढा आणि जमला की विटा थोड्या जवळ घ्या. पहिल्याच दिवशी आरटीओच्या मापाचा आठ आखून बसू नका, लोक तिथेच हिंमत हरतात.

एक मात्र लक्षात ठेवा. कायद्यात, म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये, नापास झाल्यावर ७ दिवसांनी परत टेस्ट देता येते, पण तीन वेळा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ड्रायव्हिंग स्कूलमधून उजळणीचा कोर्स करण्याची अटही त्यात आलीये. तुमचे दोन प्रयत्न झालेत, तेव्हा तिसऱ्याला स्लॉट मिळाला म्हणून धावू नका, आधी ग्राउंडवर दोन्ही बाजूंचे गोल बिनचूक येऊ द्या. आणि लर्निंग लायसन्सची तारीख बघा, ते सहाच महिने चालतं.

"ही कसली टेस्ट" याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा जरा वेगळं आहे. आठ अवघड आहे ही माझी तक्रारच नाही, आठ झाला की टेस्ट संपते ही तक्रार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ काढून वाचा, त्यात ड्रायव्हरला काय काय आलं पाहिजे याची भलीमोठी यादी आहे, आरसा लावून घेणं, वरच्या गिअरवरून पटकन खाली येणं, उतारावर गिअर कमी करणं, चढावर थांबवून गाडी मागे न जाऊ देता पुन्हा उचलणं, ओव्हरटेक, झेब्रा क्रॉसिंगला कसं वागायचं, वेळेत इशारा देणं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ग्राउंडवर एक चक्कर होते, वळताना इंडिकेटर दिला का ते बघतात, पाय टेकला नाही, पास. तिसऱ्या गिअरवर गाडी गेलीच नाही तरी पास. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते, ते काही चालण्याच्या वेगाने वळताना गेले नाहीत. जोरात असताना दोन्ही ब्रेक कसे लावायचे हे आपल्याकडे कोणी तपासतच नाही.

प्रश्न: माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, तीच चालवायची आहे तर टेस्टही तिच्यावरच द्यावी असं मला वाटतं. एजंट म्हणतो "बुलेटवर आठ? दादा माझी स्प्लेंडर घ्या". त्याचं ऐकू का? (सातारा)

उत्तर: एजंटचं सगळं ऐकू नये पण हे ऐका. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, तुमची क्लासिक १९५ ची. दोन चाकांमधलं अंतर स्प्लेंडरचं १२३६ मिलिमीटर आणि क्लासिकचं १३९०, म्हणजे तिला वळायला जागा जास्त लागते, आणि ग्राउंडवरचा आठ तुमची गाडी बघून कोणी मोठा आखणार नाही. लायसन्सवर "गिअरची मोटरसायकल" एवढाच वर्ग असतो, १०० सीसी वेगळी आणि ३५० वेगळी असं आपल्याकडे नाही. त्यामुळे हलक्या गाडीवर पास होऊन उद्या कितीही मोठी चालवा, कायद्याची हरकत नाही. असावी असं मला वाटतं, अठरा वर्षांच्या पोराने शंभर सीसीवर आठ काढला आणि संध्याकाळी शोरूममधून ६५० घेऊन आला हे मला झेपत नाही, पण आज नियम तसा आहे. फक्त ती स्प्लेंडर टेस्टच्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा हातात घेऊ नका, तिचा क्लच कुठे धरतो ते माहीत नसेल तर बुलेटपेक्षा वाईट फजिती होईल. आणि तिचे आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालू आहेत ना ते तुम्ही स्वतः बघा.

प्रश्न: मुलगा नुकताच अठराचा झाला. एकजण म्हणतोय थोडे जास्त पैसे द्या, टेस्टला यायलाच नको, आम्ही मॅनेज करतो. यजमान म्हणतात देऊन टाक, सगळेच देतात. शिवाय ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट असलं की आता टेस्टच नसते असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. (डोंबिवली)

उत्तर: काकू, आधी व्हॉट्सअ‍ॅपचं बघू. टेस्टमधून सूट आहे ती सरकारने मान्यता दिलेल्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रांसाठी, ज्यांचे नियम २०२१ मध्ये आले. गल्लीतल्या साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या सर्टिफिकेटने टेस्ट चुकत नाही, २०२४ च्या जूनमध्ये तो मेसेज फिरला तेव्हा केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने तसा खुलासाही केला होता.

आता मॅनेजचं. सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर फॉर्म भरायला, फोटो चढवायला कोणाची मदत घेतली आणि त्याला त्याचे पैसे दिले तर माझं काही म्हणणं नाही, ती साइट एकेकदा माणसाचा अंत बघते. पण टेस्ट न देता लायसन्स म्हणजे सरळ सरळ लाच आहे, आणि टेस्टची केंद्रीय फी एका वर्गाला ३०० रुपये आहे हे माहीत असू द्या म्हणजे बाकीचे कुठे जातात ते कळेल. मला यजमानांना एवढंच विचारायचंय की जो मुलगा रिकाम्या ग्राउंडवर, कोणी आडवं येत नसताना गाडी वळवू शकत नाही त्याला शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पाठवणार का? येत असेल तर टेस्ट देऊ दे, पाच मिनिटांचं काम आहे. येत नसेल तर तुम्हालाच घाई का आहे ते मला कळलं नाही. लर्निंग मिळाल्यापासून पक्क्या टेस्टपर्यंत ३० दिवस थांबावंच लागतं, आपल्याकडे ते तारखेची वाट बघण्यात जातात. त्या तीस दिवसांत मागे लायसन्सवालं कोणीतरी बसवून रोज अर्धा तास चालवली तर मॅनेज करायला काही उरणार नाही.

प्रश्न: पुण्यात वर्षानुवर्षं बाइक चालवली आणि इथे इंग्लंडमध्ये ग्राउंडवरच्या टेस्टला, मॉड्युल वनला, फेल झालो. घरी सांगायची लाज वाटते. आपलं लायसन्स इथे बदलून का मिळत नाही? (लेस्टर)

उत्तर: भारताचं नाव लायसन्स बदलून देण्याच्या त्यांच्या यादीत नाही म्हणून. त्यामुळे तुम्ही तिथे नवीनच, सीबीटीचा, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा दिवस, मग थिअरी, मग मॉड्युल वन आणि शेवटी रस्त्यावरची टेस्ट. लाजायचं काही नाही, तिथे आठ आहे, खांबांमधून नागमोडी आहे, यू टर्न आहे, आणि वर ताशी किमान ५० किलोमीटरचा वेग घेऊन अचानक ब्रेक आणि तेवढ्याच वेगात अडथळा चुकवून बाजूला काढणं हेही आहे. पुण्याचा अनुभव हळू भागात उपयोगी पडतो, पुढच्या भागात आड येतो.

तुम्ही कुठे फेल झालात ते लिहिलं नाहीये, पण आपल्या लोकांच्या बाबतीत माझा अंदाज दोन ठिकाणांचा. एक म्हणजे मान वळवून खांद्यावरून मागे बघणं. आपण आरशातही कृपा म्हणून बघतो, त्यात तो आरसा काहींनी काढून ठेवलेला, आणि तिथे यू टर्नच्या आधी मान वळली नाही तर परीक्षक ते लिहून घेतो. दुसरं, अडथळा चुकवताना ब्रेक मारणं. आपला हात सवयीने ब्रेकवर जातोच, तिथे आधी गाडी बाजूला काढायची, ती सरळ झाली की मग ब्रेक. रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेनरसमोर हे वेगवेगळं करून बघा, आधी नुसतं चुकवणं, मग नुसता ब्रेक.

प्रश्न: आजोबांची चेतक अजून चालू आहे. तिच्यावर गिअरची टेस्ट देता येईल का? (मिरज)

उत्तर: गिअर आहेत, हातात असले तरी आहेत. केरळमध्ये वर्षानुवर्षं लोक हातगिअरच्या एम-८० वर आठ काढून मोटरसायकलचं लायसन्स घ्यायचे, कारण ती हलकी आणि वळायला सोपी, शेवटी १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे टेस्टला पायाने गिअर टाकायची गाडीच लागेल असं केलं आणि एम-८० ग्राउंडवरून गेली. त्यामुळे तुमच्या आरटीओत आधी विचारून जा. चेतकचं वय १५ वर्षांच्या केव्हाच पुढे गेलंय, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आजोबांना विचारा, नसेल तर टेस्ट सोडा, ती गेटपर्यंत नेणंही महागात पडेल. आणि मला विचाराल तर उद्या मोटरसायकल चालवायची असेल तर मोटरसायकलवरच शिका, चेतकचा गिअर टाकण्याचा डौल वेगळा पण तो पुढे कामाला येत नाही.

आता काही छोटे प्रश्न.

गिअरचं लायसन्स काढलं तर अ‍ॅक्टिव्हासाठी वेगळं लागतं का? नाही. गिअरच्या मोटरसायकलची टेस्ट पास म्हणजे विनागिअरची पासच धरतात. उलटं मात्र चालत नाही.

लर्निंगवर मैत्रिणीला मागे बसवू का? तिच्याकडे पक्कं लायसन्स असेल आणि ती शिकवायला बसली असेल तर. नुसतं कट्ट्यावर सोडायला नाही. पुढे मागे एल लावा, लाल अक्षर पांढऱ्यावर.

धाकटा सोळाचा आहे, त्याला काढता येईल का? सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअरच्या गाडीचं मिळतं. तुमची ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. तो तिच्यावर सापडला तर २५ हजार दंड आणि तुरुंगाची तरतूद पालकांसाठी आहे, त्याच्यासाठी नाही, आणि त्याला मग पंचविशीपर्यंत लायसन्स मिळायचं नाही.

टेस्टला हेल्मेट लागतं का, आठ काढताना मान वळवायला त्रास होतो. लागतं. त्रास होत असेल तर मापाचं घ्या, भावाचं मोठं घालून गेलात तर ते वळताना डोळ्यांवर येणारच. आणि पट्टा लावून जा.