‘हे आपलं, का ऑफिसचं?’

‘आमचं ऑफिस खूप चांगलं आहे हो. सगळे घरच्यासारखं वागतात. मग मला इतकं दडपण का येतं?’

हा प्रश्न मी आजवर माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच जणांकडून ऐकला आहे, आणि विचारताना जवळजवळ प्रत्येकाचा आवाज खाली गेलेला असतो. छळणाऱ्या साहेबाविषयी बोलायला माणसाला शब्द लगेच सापडतात. चांगल्या साहेबाविषयी बोलायचं तर जीभ रेटत नाही, खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं वाटतं. मग त्रास आतल्या आत मुरत राहतो. ज्या बाईंमुळे मला हा प्रश्न खऱ्या अर्थाने समजला, त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लहान मुलांच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीत त्या क्वालिटी विभागात काम करत होत्या. खुळखुळे, ठोकळे, पाळण्यावर टांगायची खेळणी, दात येणाऱ्या बाळांनी चावायच्या रिंगा, असं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नोकरीला सात वर्षं झालेली. कंपनीत आईबापांचा खरोखर विचार व्हायचा. आवारातच पाळणाघर होतं, बाळंतपणानंतर सुरुवातीला अर्धा वेळ काम करायची मुभा होती, मूल आजारी असेल तर घरून काम करता यायचं. त्यांना मुलगा झाला तेव्हा विभागातल्या प्रत्येकाने एकेक तुकडा शिवून केलेली गोधडी घरी आली होती. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

तक्रार काय, तर झोप लागत नाही. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं. मुलावर उगाच ओरडलं जातं आणि मग रात्री त्याच्या उशाशी बसून रडू येतं. ‘मॅडम, एवढं सगळं मिळूनही मी अशी वागते. मी कृतघ्न आहे का?’

पहिल्या भेटीत माझं चुकलं. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘कंपनी तुमच्या चांगुलपणाचा फायदा तर घेत नाही ना?’ त्या एकदम ताठ झाल्या. बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. पुढची वेळ ठरवली, पण आल्या नाहीत. तीन आठवडे काहीच कळलं नाही. पाळणाघर देणाऱ्या, गोधडी पाठवणाऱ्या माणसांवर मी त्यांना पहिल्याच दिवशी आरोप करायला लावत होते. त्यांनी तसं करणं शक्यच नव्हतं, आणि त्यांचं म्हणणंही ते नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या त्या मुलाच्या एका वाक्यामुळे.

त्यांच्या कंपनीत एक रीत होती. नवीन खेळण्याचं सॅम्पल लॅबमधल्या सगळ्या चाचण्या पास झालं की कर्मचाऱ्यांनी ते घरी न्यायचं, आपल्या मुलांना खेळायला द्यायचं, आठवडाभर बघायचं आणि फॉर्म भरायचा. मूल किती वेळ रमलं, कुठे अडलं, कंटाळून बाजूला कधी टाकलं. मग सॅम्पल परत करायचं. कॅटलॉगच्या फोटोंनाही कर्मचाऱ्यांचीच मुलं असायची. सक्ती कुणावरच नव्हती. रविवारी दुपारी ग्रुपवर मेसेज यायचा, ‘या आठवड्याला कुणाचा छोटा टेस्टर फ्री आहे?’ आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. बाईंनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

मुलाला चौथं वर्ष लागलं त्या दिवशी आजीने त्याला लाकडी गाडी दिली. त्याने खोका उघडला, गाडी बाहेर काढली, पण खेळायला घेतली नाही. आईकडे बघून विचारलं, ‘हे आपलं, का ऑफिसचं?’

‘आपलंच आहे रे.’

मग त्याने गाडी जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, ‘मग लिहू नको हं.’

हे सांगून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

त्यांना भीती वाटत होती की आपण मुलाचं कायमचं नुकसान केलं. तसं मला अजिबात वाटलं नाही. मूल बिघडलेलं नव्हतं, उलट फार नेमकं बोललं होतं. १९७५ साली मार्क लेपर आणि डेव्हिड ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. मुलांना सोडवायला कोडी दिली. काहींना सांगितलं की कॅमेऱ्यातून तुमच्याकडे लक्ष आहे, काहींना काहीच सांगितलं नाही. नंतर काही दिवसांनी तीच कोडी वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा ज्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं ती मुलं त्यांच्याकडे कमी वळली. कोणी बघतंय, मोजतंय, हे कळलं की खेळाचं काम होतं. तुमच्या मुलाने ते चार शब्दांत सांगितलं, मी म्हटलं.

डोनल्ड विनिकॉट हे मूळचे बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाले. त्यांनी १९५८ मध्ये मांडलेला एक विचार मला आईबापांना सांगायला फार आवडतो. एकटं राहण्याची ताकद मुलाला आई जवळ असतानाच येते, असं ते म्हणतात. आई खोलीत आहे, हाक मारली तर ओ देईल, पण आत्ता तिला माझ्याकडून काही नको आहे. या निर्धास्तपणात मूल खेळात बुडतं. बाई खोलीत तर रोज असायच्या, पण मांडीवर फॉर्म असायचा. त्या आई म्हणून बसल्या आहेत की कामावर आहेत, हे त्या चिमुरड्याला आधी विचारून घ्यावं लागत होतं.

‘मग नोकरी सोडू का?’ त्यांनी लगेच विचारलं. हा प्रश्न आया फार घाईने विचारतात. वडिलांनी तो माझ्यासमोर विचारल्याचं मला आठवत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला होता. मूल पाळणाघरात होतं की फक्त आईजवळ, यापेक्षा घरातलं वातावरण आणि आईबापांचं मुलाशी वागणं यांचा त्याच्या वाढीशी अधिक घट्ट संबंध दिसला. नोकरी सोडण्याचा विषय आम्ही तिथेच मिटवला.

खरा गुंता गोधडीत होता. मी त्यांना एक कागद दिला. कंपनीकडून आजवर जे मिळालं ते लिहा, म्हटलं. यादी लांबलचक झाली. मग प्रत्येक ओळीपुढे लिहायला सांगितलं, हे फक्त तुम्हाला मिळालं, की नियमाप्रमाणे सगळ्यांना मिळतं? पाळणाघर सगळ्यांना. अर्धा वेळ काम सगळ्यांना. घरून काम सगळ्यांना. फक्त त्यांच्यासाठी म्हणावं असं उरलं ते गोधडी आणि ती शिवणारे हात.

‘आणि तुम्ही परतफेड कशाची करताय?’

‘सगळ्याचीच,’ त्या म्हणाल्या.

पाळणाघराचं किती देणं बाकी आहे, किती रविवार दिले म्हणजे ते फिटेल, असं मी विचारलं. उत्तर नव्हतं, कारण तो आकडा कुणी ठरवलेलाच नव्हता. फेडायचा हप्ता माहीत नसला की माणूस जन्मभर फेडत राहतो. नियमाने मिळालेली सवलत हा कामाच्या कराराचा भाग असतो. ती घेतली तेव्हाच तो व्यवहार पुरा झाला. गोधडी ही माया, आणि मायेची परतफेड लोक मायेनेच करतात. सहकाऱ्याच्या घरी बाळ आलं की त्यांनीही एक तुकडा शिवावा. त्यासाठी स्वतःचं मूल टेस्टर म्हणून द्यायची गरज नाही.

आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कंपनीत राहून केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबांसाठी उत्तम योजना असलेली कंपनी, पण कामाचे तास कमी करून घेणारे फार थोडे. बऱ्याच जणांना ऑफिसच घरासारखं वाटू लागलं होतं आणि घरी गेल्यावर कामाला जुंपल्यासारखं वाटायचं. आमच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हलकेच म्हणाल्या, ‘ऑफिसात मला सगळे शाबास म्हणतात. घरी कोण म्हणतंय?’

‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं म्हणणारे खोटं बोलतात असं मी मानत नाही. पुष्कळदा ते मनापासून बोलतात. पण घरात पगार नसतो, अप्रेझल नसतं, मंदी आली म्हणून कुणाला काढत नाहीत. घरात न बोलता समजून घेतलं जातं, निदान तशी आशा तरी असते. ऑफिसात न बोललेलं कुणाला कळत नाही. बाई मात्र घरातल्यासारख्या वाट बघत होत्या, आपलं थकणं कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून.

चौथ्या भेटीला त्यांनी पर्समधून एक लहानसं धातूचं नळकांडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. तळ तिरपा, एका बाजूला खोली २५.४ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ५७.१, तोंडाचा व्यास ३१.७. लहान मुलाचा घसा किती, याचा अंदाज घेऊन ठरवलेली मापं. खेळणं किंवा त्याचा सुटलेला तुकडा न दाबता यात पूर्ण मावला, तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी ते खेळणं बाद. रोज शेकडो तुकडे त्या यात टाकून बघत. त्यांनी माझ्या टेबलावरची दोन-तीन झाकणं टाकूनही दाखवली. किती आनंदाने दाखवत होत्या! आपल्या कामावर प्रेम असलेली बाई होती ती.

मी सहज विचारलं, ‘समजा, तुकडा फार जीव लावून बनवलाय. बनवणारा अगदी सज्जन. मग?’

‘मॅडम, नळकांड्याला काय कळतंय कोण सज्जन आहे ते?’ त्या हसल्या. मावलं की बाद, म्हणाल्या. आणि मग बोलता बोलता थांबल्या. ते नळकांडं बोटांत फिरवत राहिल्या.

त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी दोनच गोष्टी लिहिल्या. मुलाचं खेळणं हे ऑफिसचं काम नाही. रविवारी ग्रुप बघायचा नाही. मी काही सुचवलं नाही, भर घातली नाही.

साहेबांशी काय बोलायचं याची तालीम मात्र आम्ही नेटाने केली. त्यांच्या पहिल्या मसुद्यात आभारच इतके होते की मूळ मुद्दा शेवटी एका ओळीत, तोही ‘जमलं तर’ लावून. आम्ही छाटत गेलो. उरलं ते असं: ‘सर, यापुढे मी सॅम्पल घरी नेणार नाही आणि मुलाला फोटोशूटला पाठवणार नाही. लॅबमधलं माझं काम आहे तसंच चालू राहील.’ कारण विचारलं तर? ‘घरचं कारण आहे’, एवढं पुरे. पाच-सहा वेळा म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी शेवटी त्यांच्या तोंडून ‘सॉरी’ निसटायचं. सातव्यांदा निसटलं नाही.

साहेबांनी ऐकलं, जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ठीक आहे. आधीच सांगायचं ना.’

बाईंना हे ऐकून हलकं वाटायच्या ऐवजी राग आला, आणि तो साहजिक होता. कुणी मागितलंच नव्हतं ते आपण इतकी वर्षं देत राहिलो, हे कळणं सोपं नसतं. पण ‘कुणी मागितलंच नव्हतं’ हेही पूर्ण खरं नाही. दर रविवारी सगळ्यांच्या देखत येणारा मेसेज ही मागणीच असते, गोड शब्दांत असली तरी. तिथे हात वर न करणारा लगेच दिसतो. पुढे कंपनीने तो मेसेज बंद करून ज्यांना हवं त्यांनी नाव नोंदवायची सोय केली. मला तो बदल मोलाचा वाटतो.

सगळं गोडच झालं असंही नाही. काही सहकारी थोडे तुटक वागू लागले. खेळण्यांच्या नव्या मालिकेच्या टीममध्ये जायची बाईंची फार इच्छा होती, त्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ‘नाही’ म्हटल्याची ही किंमत की योगायोग, हे आम्हा दोघींनाही सांगता आलं नाही. त्या आठवड्यात त्या खूप रडल्या. मी त्यांना समजावत बसले नाही, ते दुःख खरं होतं.

म्हणून अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी उद्याच जाऊन बोला असं सांगत नाही. नोकरी टिकवणं ज्यांना भाग आहे, त्यांनी आधी नियम लेखी काय आहेत ते वाचावं आणि एकच लहानशी गोष्ट निवडावी, जिला नकार दिला तर कुणाचं काम अडत नाही. तेवढं एक ‘नाही’ म्हणून बघावं. ते कसं घेतलं जातं, यावरून आपण कुठे काम करतो याचा बराच अंदाज येतो. आणि जो त्रास होतोय त्याला कृतघ्नपणा म्हणू नये. जागा चांगली असूनही माणूस दमतो.

शेवटच्या भेटीत बाई सांगत होत्या, घरी नवीन पंखा आला होता. मुलाने पंखा बघितलाच नाही, त्याचा पुठ्ठ्याचा खोका ओढून नेला. आधी बोट झाली, मग दुकान, मग आत शिरून झाकण लावून घेतलं. त्या तिथेच कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या. आतून मधूनच हाक यायची, ‘आई, आहेस ना?’ आणि या म्हणायच्या, ‘आहे.’

‘किती वेळ खेळला?’ मी विचारलं.

‘घड्याळ बघितलंच नाही मी,’ त्या म्हणाल्या.